खांद्याची विद्या

पोळ्याच्या आदल्या दिवशी बुलडाणा जिल्ह्यातल्या गावोगावी बैलांची खांदमळणी होते. वर्षभर ज्या जागी जू टेकते ती वशिंडापुढची जागा कोमट पाण्याने शेकतात, हळद-तूप लावून चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. शेतकरी या जागेला खांदा म्हणतो. शरीररचनेच्या हिशेबाने ती मानेची जागा आहे. बैलाचा खांद्याचा सांधा तिथून बराच खाली, पुढच्या पायाच्या वरच्या टोकाशी असतो. शिवाय गळ्याखालचे जे आडवे हाड आपण हासळी म्हणून ओळखतो, ते बैलाला नसतेच. त्याचे पुढचे पाय धडाशी हाडाने जोडलेले नसतात; स्नायूंच्या झोळीत धड टांगलेले असते. म्हणून बैल ओढण्यात आणि चालण्यात पटाईत; पण पुढचा पाय बाजूला उचलून डोक्यावर नेणे त्याच्या नशिबी नाही.

माणसाला हासळी आहे. एवढ्या मोठ्या हाताचा धडाशी हाडामार्फत असलेला संबंध फक्त त्या बोटभर जाडीच्या हाडाचा, तोही छातीच्या वरच्या टोकाशी. बाकी सारा खांदा स्नायूंवर तोललेला. हासळी आडव्या दांडीसारखी हाताला धडापासून दूर धरते, म्हणून हात चहूकडे फिरतो. झाडाच्या फांदीला लोंबकळणे, माळ्यावर उभे राहून ज्वारीवरच्या पाखरांना गोफण मारणे, तुऱ्हाटीची मोळी डोक्यावर धरणे, ही सगळी या दांडीची देणगी. २०१३ साली नील रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की फेकताना माणसाच्या खांद्याभोवतीच्या पेशीबंधांत रबर ताणल्यासारखी शक्ती साठते आणि क्षणात मोकळी होते. आपल्या जवळच्या नात्यातल्या चिंपांझीला ताकद जास्त असूनही असे फेकता येत नाही. गोफणीने त्या हाताची लांबी वाढवली, एवढेच.

भाषेनेही खांद्याला मोठा मान दिला आहे. आपण खांदा देतो, खांद्याला खांदा लावतो, राज्यकर्ते खांदेपालट करतात. खांद्यामागच्या तिकोनी हाडाला फरा किंवा पखोटा, हाताच्या वरच्या भागाला दंड, खालच्या खळग्याला काख किंवा बगल, असे प्रत्येक भागाला वेगळे आणि नेमके नाव आहे.

मी डॉक्टर नाही आणि पैलवानही नाही. व्यायामावरची जुनी मराठी पुस्तके जमवून वाचण्याचा नाद आहे. या वाचनातून एक गोष्ट ठळक होत गेली. खांदा कसा हलतो आणि तो कसा घडवावा याची एक विद्या मराठी मुलखात होती. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ती आधुनिक शरीरशास्त्राच्या भेटीला निघाली. भेट अर्धी झाली आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हा त्या अर्ध्या भेटीचा इतिहास आहे.

उखळ, मुसळ आणि लिंबू-चमचा

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार दिले आहेत. बोटे, मनगट, कोपर, गुडघा यांचे सांधे एका प्रकारात येतात. काख, जांघ आणि दात यांचे सांधे 'उलूखल' म्हणजे उखळासारखे. दाताला खांद्याच्या पंगतीला बसवलेले पाहून आज हसू येईल. पण सुश्रुताने हे प्रकार आकारावरून पाडले होते. कोणते सांधे हलते आणि कोणते स्थिर, ही विभागणी त्याने वेगळी केली आहे. एका बाजूला खळगा आणि दुसऱ्या बाजूला त्यात बसणारे गोल टोक, ही गोष्ट त्याने पाहिली होती. प्रेत पिंजऱ्यात ठेवून सात रात्री वाहत्या पाण्यात कुजवावे आणि मग कुंचीने हळूहळू खरवडून आतले अवयव पाहावेत, अशी पद्धत सांगणारा हा ग्रंथ आहे. खांदा निखळला तर काय करावे हेही त्यात आहे: काखेत मुसळ घालून ती वर उचलावी आणि सांधा बसल्यावर स्वस्तिक पद्धतीने पट्टी बांधावी. उखळाच्या सांध्याला मुसळाचा उपचार! ग्रीक वैद्यही काखेत टाच रोवून हात ओढत. तत्त्व एकच: खाली सरकलेला गोळा बाजूने रेटून परत खोबणीत आणायचा.

पण उखळाची उपमा जांघेला जितकी लागू पडते तितकी खांद्याला पडत नाही. मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसतो. खांद्याची खोबण उथळ आहे, बशीसारखी. दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा तिसरा-चौथा हिस्साच एका वेळी तिला टेकतो. शरीरातला सर्वांत जास्त निखळणारा मोठा सांधा हाच आहे. मग तो रोजच्या कामात टिकतो कसा?

शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवावी. चमचा उथळ, लिंबू गोल. लिंबू टिकते ते चमच्याच्या खोलीमुळे नव्हे. पळणारे मूल चमचा सतत लिंबाखाली नेत राहते म्हणून. खांद्यात चमच्याचे काम फरा करतो. हात वर जाऊ लागला की फराही बरगड्यांवरून घसरत, फिरत त्याच्यामागे जातो आणि खोबण गोळ्याखाली धरून ठेवतो. बॉस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावर ग्रंथ लिहिला आणि या जोडचालीला लय म्हटले. १९४४ साली इनमन, साँडर्स आणि ॲबट यांनी ती मोजली. हात खाली लोंबता असताना तो थेट डोक्यावर नेला तर साधारण १८० अंश होतात. त्यातले सुमारे १२० गोळ्याच्या सांध्यात होतात आणि ६० फरा फिरल्यामुळे. म्हणजे हात उचलण्याचे तिसरा हिस्सा काम पाठीवर चालते. शिवाय फऱ्यापासून निघालेले चार लहान स्नायू शर्टाच्या कफासारखे गोळ्याला वेढून त्याला खोबणीच्या मधोमध दाबून धरतात. दंडावर दिसणारा फुगीर स्नायू हात उचलतो, पण हे चौघे ढिले असतील तर तो गोळा वर सरकवतो आणि वरच्या हाडाखाली कंडरा चिमटली जाते. खांदेदुखीच्या बऱ्याच तक्रारी इथून सुरू होतात.

म्हणजे खांद्याचा ढिलेपणा हीच त्याची करामत आणि तोच त्याचा धोका. त्याची ताकद दंडात शोधू नये, पाठीत शोधावी. ही गोष्ट तालमीला कोणत्याही मोजमापाआधी ठाऊक होती, असे मला वाटते.

श्रमांची यादी

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास'मध्ये मल्लविनोदाचे प्रकरण आहे. हा ग्रंथ गो. क. श्रीगोंदेकरांनी बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेसाठी संपादित केला. पहिला खंड १९२५ साली निघाला. मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि त्यांचे 'श्रम' त्यात सांगितले आहेत: भार उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, बाहूंच्या रेट्याचा बाहुपेल्लणक श्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम. पाचांपैकी निदान तीन श्रमांत खांद्यावर थेट काम पडते, आणि तिन्हींत ते वेगळे आहे. भार उचलताना वजन हाताच्या टोकाला असते. पाण्यात हात फिरत राहतो. खांबावर हात जागच्या जागी राहतो आणि शरीर त्याच्याभोवती फिरते.

हा शेवटचा फरक महत्त्वाचा आहे. डंबेल उचलताना धड स्थिर, हात हलता. जोर मारताना उलटे: तळवे जमिनीला खिळलेले आणि धड त्यांच्यावरून पुढे-मागे जाणारे. आपला जोर हा विलायती पुशअप नव्हे. त्याची सुरुवात कंबर वर करून होते. तेव्हा हात धडाच्या तुलनेत डोक्यावर गेलेले असतात आणि फरा पूर्ण वर फिरलेला असतो. मग छाती जमिनीजवळून सूर मारल्यासारखी पुढे जाते, हात धडाच्या बाजूला येतात, छाती वर उठते आणि कंबर पुन्हा मागे. एका जोरात खांदा आपल्या चालीचा मोठा टप्पा वजनाखाली पार करतो. या सगळ्यात फरा बरगड्यांना चिकटवून ठेवण्याचे काम काखेखालचा करवतीच्या दातांसारखा दिसणारा स्नायू करतो. तो कमजोर असला की भिंतीला हात टेकून रेटताना फरा पंखासारखा मागे उचकटतो. विद्युत्-लहरींनी स्नायूंचे काम मोजणाऱ्या अलीकडच्या अभ्यासांत या स्नायूला जागवण्यासाठी जमिनीवर हात टेकून केलेले रेटे फार उपयोगी ठरले आहेत, आणि खांदेदुखीच्या रुग्णांना तेच शिकवले जातात. जुना वस्ताद नवख्याला महिनोन् महिने फक्त जोर मारायला लावी आणि त्याच्या पाठीमागे उभा राहून बघे, त्यामागचे कारण हे आहे. त्याला स्नायूचे नाव माहीत नव्हते. उचकटलेला फरा मात्र दिसत होता.

खांबाची गोष्ट पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांशिवाय पुरी होत नाही. परंपरा अशी सांगते की निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात कोणी घेईना, तेव्हा या तरुणाने मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीवर राहून माकडांच्या उड्यांवरून लाकडी खांबावरची कसरत बसवली आणि अलीला चीत केले. पुढे बाजीरावाबरोबर ही विद्या ब्रह्मावर्ताला गेली. खांबावरचा श्रम सातशे वर्षे आधी 'मानसोल्लास'ने नोंदवला असल्याने बाळंभटदादांना निर्माते म्हणण्यापेक्षा मलखांबाला शिस्त आणि पिढ्या देणारे म्हणावे.

मलखांबाला एरंडेल लावतात, ते का? अंगाची साल जाऊ नये हे एक कारण. दुसरे पदार्थविज्ञानाचे आहे. पकड टिकते ती घर्षणाने, आणि घर्षण दोन गोष्टींवर ठरते: पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि दाब. तेलाने पहिली गोष्ट घटवली की तेच वजन पेलायला दुसरी वाढवावी लागते. म्हणजे तेल लावलेला खांब खेळाडूकडून जास्त दाबाची पकड सक्तीने मागतो. अढीत ही पकड मांड्यांची असते, बगलेत छातीचा मोठा स्नायू आणि पाठीचा रुंद स्नायू दोन बाजूंनी दंड धडाकडे ओढतात आणि खांब काखेत आवळला जातो. उथळ खोबणीच्या सांध्याला सर्व बाजूंनी स्नायूंचे कुंपण घालणारा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

मुद्गलांचा परदेश प्रवास

खांद्याच्या देशी विद्येतला एक भाग इंग्रजांनी उचलला आणि जगभर नेला. मुद्गल आणि जोडी फिरवण्याचे व्यायाम पाहून कंपनीचे अधिकारी चकित झाले. डोनाल्ड वॉकर याने १८३४ साली लंडनमध्ये काढलेल्या व्यायामाच्या पुस्तकात 'इंडियन क्लब'ला जागा मिळाली. पुढे ही दांडकी हलकी झाली, रंगली आणि थेट ऑलिंपिकमध्ये गेली: १९०४ साली सेंट लुईसला आणि १९३२ साली लॉस एंजेलिसला मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती. त्यात भारतीय कोणी नव्हता. आजच्या लयबद्ध जिम्नॅस्टिक्समध्ये मुली जी दांडकी उडवतात ती या मुद्गलांचीच दूरची नात.

मुद्गल फिरताना खांद्यावर काय होते? वजन मुठीपासून दूर असते आणि फिरताना ते बाहेर ओढते. हा ओढा गोळ्याला खोबणीबाहेर काढू पाहतो आणि कफाचे चार स्नायू त्याला क्षणोक्षणी, बदलत्या दिशेने आत धरतात. उचलायच्या वजनाची दिशा कायम जमिनीकडे; मुद्गलाची दिशा दर क्षणाला निराळी. कफाच्या स्नायूंना असे शिक्षण दुसऱ्या कशाने क्वचितच मिळते.

याच काळात युरोपात उलट दिशेने विचार चालू होता. स्वीडनचे पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली. तलवारबाजीच्या सरावाने आपला दुखरा हात बरा झाला, या अनुभवातून त्यांना व्यायामाचे शास्त्र सुचले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांची कवायत शरीररचनेवरून आखलेली, मोजूनमापून, आज्ञेबरहुकूम चालणारी होती. तीच पुढे ब्रिटिश फौजेमार्फत आपल्या शाळांत आली. तालमीत एकेकाकडे बघणारा वस्ताद होता. कवायतीत पन्नास मुलांना एकदम हुकूम देणारा शिक्षक आला. एकाकडे निरीक्षण होते, दुसऱ्याकडे कारणमीमांसा. दोन्ही एकत्र आणण्याची गरज ज्यांना पहिल्यांदा जाणवली त्यांत मराठी माणसे पुढे होती.

बडोदे, लोणावळा, अमरावती

ही भेट तीन ठिकाणी घडू लागली. पहिले बडोदे. जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव यांच्या आखाड्यात कुस्ती, मलखांब, शस्त्रविद्या यांच्या जोडीला हाडे बसवणे आणि सांध्यांचे उपचार चालत. कवायतीच्या आज्ञा त्यांनी देशी भाषेत आणल्या. इंग्रजी हुकुमाविना शरीराला हालचाल सांगता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरे लोणावळा. माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे काही वर्षे आपल्या शेजारच्या खानदेशात, अमळनेरला शिक्षणकार्यात होते. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. योगक्रिया करताना पोटात नेमके काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांचा आणि दाबमापकांचा उपयोग केला. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झाले. परंपरा काय म्हणते ते आधी करून बघा, मग मोजा, आणि जे निघेल ते छापा, ही त्यांची रीत. खांद्याच्या बाबतीत असे काम झाले असते तर कॉडमनच्या ग्रंथाच्या सुमारास आपल्याकडे जोर आणि मुद्गलांचे मोजमाप उभे राहिले असते.

तिसरे ठिकाण आपल्या वऱ्हाडातले. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीला हनुमान आखाडा काढला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ व कसरती दाखवायला गेले आणि १९४९ साली लिंगच्या नावाने स्टॉकहोमला भरलेल्या लिंगियाडलाही गेले. ज्या माणसाच्या कवायतीने आमच्या शाळांतून तालीम बाजूला सारली, त्याच्या गावी वऱ्हाडची तालीम पाहुणी म्हणून जाते, हा इतिहासातला एक हिशेब पुरा होण्यासारखा प्रसंग होता.

आणि या सगळ्याचे कागदावरचे रूप म्हणजे 'व्यायाम ज्ञानकोश'. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड मराठीत काढले. महायुद्ध, कागदटंचाई आणि स्वातंत्र्य यांच्या मधून दहा खंड काढणारा हा माणूस मराठीच्या थोर कोशकारांत मोजला पाहिजे. कुस्तीचे डाव, मलखांबाच्या उड्या, जोरांचे प्रकार, आकृत्या आणि छायाचित्रे त्यात आहेत. हालचाल शब्दात पकडण्याचा एवढा मोठा प्रयत्न मराठीत पुन्हा झाला नाही. १९५० साली त्याचे सार इंग्रजीत एका खंडात आले. पुढच्या पिढीने बहुधा तेच वाचले.

भेट अर्धी का राहिली

कारणे दोन्हीकडे होती. शरीररचनेचे शिक्षण इंग्रजीत बंदिस्त राहिले. मराठीत त्यासाठी शब्द घडवले गेले ते संस्कृतातून: अंसफलक, प्रगंडास्थी, अक्षक. शब्द निर्दोष होते, पण त्यांना ना डॉक्टर वापरत होता ना वस्ताद. फरा, पखोटा, हासळी हे शब्द खाटकाला, हाडवैद्याला आणि पैलवानाला रोज लागत होते, त्यांना पुस्तकात जागा मिळाली नाही. सुश्रुताने उखळाचे नाव सांध्याला देताना घरातली वस्तू उचलली होती. आपण घरातल्या वस्तू सोडून सुश्रुताचे शब्द उचलले.

तालमीचाही दोष होता. संख्येचा अभिमान तिला जडला: हजार जोर, दोन हजार बैठका. शंभरावा जोर कोणत्या फऱ्याने मारला जातो हे बघणे मागे पडले. निखळलेला खांदा झटका देऊन बसवणाऱ्या हातांपैकी काही खरोखर जाणते होते आणि काहींनी हात कायमचे अधू केले. दोहोंत फरक करण्याची कसोटी परंपरेजवळ नव्हती. आणि तालमीचे दार सगळ्यांना सारखे उघडे नव्हते. बायकांना ते फार उशिरा उघडले, कित्येक जातींना नावापुरते.

ज्यांना ते बंद होते त्यांच्या खांद्यांना मात्र काम भरपूर होते. खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा आला आणि ते कापसाचे मोठे बाजारपेठेचे गाव झाले. त्या बाजारातल्या हमालाचा खांदा आणि तालमीतला खांदा शरीररचनेने एकच. पण एकाला खुराक, मालीश आणि विश्रांती, दुसऱ्याला पोत्यामागून पोते. ओझे पाठीवर घेताना एक फरा खाली दाबून वर्षानुवर्षे चालणाऱ्या माणसाची मान आणि खांदा कसा झिजतो, याचा अभ्यास व्यायामाच्या दहा खंडांच्या कक्षेत बसला नाही. १९६९ साली महाराष्ट्राने या कष्टकऱ्यांसाठी कायदा केला तेव्हा त्यांना नाव मिळाले 'माथाडी'. नावातही खांदा राहिला नाही.

पन्नास मीटर

आता आजच्या बुलडाण्याकडे येऊ. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजीत बुलडाण्याच्या प्रथमेश जावकर या एकोणीस वर्षांच्या मुलाने कंपाउंड प्रकारात जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज, नेदरलँड्सचा माइक श्लोसर, याला १४९-१४८ असे हरवून सुवर्णपदक घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २३५-२३० असे नमवले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. वऱ्हाडातल्या मैदानांवर त्यासाठी मुले-मुली धनुष्य ओढू लागली आहेत.

हा खेळ खांद्याचा किती आहे ते पाहा. लक्ष्य पन्नास मीटरवर, दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचे. मी कागदावर हिशेब केला: मध्यापासून चार सेंटिमीटर चूक म्हणजे बाणाच्या दिशेत अंशाच्या विसाव्या भागाहून कमी फरक; सत्तर सेंटिमीटरच्या बाणाचे मागचे टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हलले की दहाचा नऊ होतो. डोळा एवढे धरू शकेल. प्रश्न हाताच्या बुडाशी असलेल्या बशीतल्या गोळ्याचा आहे.

कंपाउंड धनुष्य अमेरिकेतल्या मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने १९६० च्या दशकात बनवले. त्याच्या टोकांना एकारलेल्या चकत्या असतात. ओढताना भार वाढत जातो, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो. पूर्ण ओढल्यावर चकत्या फिरतात आणि हातावर त्याचा लहानसा हिस्सा, सात-आठ किलोच्या आसपास, उरतो. म्हणून नेम धरायला उसंत मिळते. पण त्या शिखरावरून प्रत्येक वेळी जावेच लागते. पात्रता फेरीत ७२ बाण. शिखरांची नुसती बेरीज केली तर सुमारे १९ क्विंटल होतात, खामगावच्या बाजारातली शंभर किलोची एकोणीस पोती. आणि स्पर्धेपेक्षा सरावाचे बाण कितीतरी जास्त.

हे ओढणे दंडाने केले तर दंड थकतो, खांदा कानाकडे चढतो, कंडरा चिमटते. जाणकार तिरंदाज ते फऱ्याने करतो. ओढणाऱ्या बाजूचा फरा पाठीच्या कण्याकडे सरकत राहतो, आणि त्या संथ सरकण्यातच बाण सुटतो; बोटांनी झटका द्यायचा नसतो. धनुष्य धरणाऱ्या बाजूला फरा खाली आणि बरगड्यांना चिकटलेला हवा, म्हणजे काखेखालचा तोच करवती स्नायू जागा हवा. जोराने जागा होतो तो. ओढताना गोळा खोबणीच्या मधोमध हवा, म्हणजे मुद्गलांनी शिकवलेले कफाचे चार स्नायू हवेत. बंगळुरू-पतियाळाच्या प्रशिक्षण केंद्रांत हे सगळे रबरी पट्ट्या घेऊन इंग्रजी नावांनी शिकवले जाते. ते चुकीचे नाही. पण तालुक्याच्या मैदानावर पन्नास मुलांना धनुष्य देणाऱ्या शिक्षकाजवळ ना ती केंद्रे आहेत ना ते इंग्रजी. त्याच्या मुलाला तो काय सांगणार? 'खांदा खाली घे' म्हटले की मूल हात खाली घेते. 'फरा कण्याकडे ने' म्हटले तर ते पाठीत शोधू लागते. एक शब्द नेमका असला तर एक खांदा वाचतो.

वाढीच्या वयातल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न शब्दांपुरता राहत नाही. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वाढीची कूर्चा पंधरा-सोळा वर्षांपुढेही मऊ असते. चुकीच्या पद्धतीने रोज शेकडो वेळा ओढले तर इजा तिथे होते, आणि खेळ सुटल्यावरही ती उरते. पदक एकाच्या गळ्यात पडते. खांदा मात्र मैदानावरच्या प्रत्येकाचा असतो.

करण्यासारखे काम मोठे नाही. 'व्यायाम ज्ञानकोशा'तली खांद्याची प्रकरणे आजच्या शरीरशास्त्राशी ताडून, चुकीचे वगळून आणि बरोबर त्याचे कारण देऊन पुन्हा छापता येतील. फरा, हासळी, बगल, पखोटा हे शब्द शारीरिक शिक्षणाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत येऊ शकतील. वऱ्हाडात अजून जोर आणि मुद्गल शिकवणारी थोडी वयोवृद्ध माणसे आहेत. त्यांचे बघणे चित्रफितीवर नोंदवून भौतिकोपचाराच्या अभ्यासकांसमोर ठेवता येईल. ही माणसे गेल्यावर पुस्तके उरतील. पण पाठीमागे उभे राहून काय बघायचे, ते पुस्तकांत फार थोडे उतरले आहे. अमरावती आमच्यापासून काही तासांवर आहे आणि धनुष्य ओढणारी मुले आमच्याच गावात. अर्ध्यावर राहिलेली भेट पुरी करायला याहून सोयीची जागा मिळणार नाही.